सरफोजी महाराज आणि तंजावरचे ताट

तंजावर-कुंभकोणम भागात भांड्यांच्या दुकानांपुढून जाताना तांब्यापितळेच्या रांगांत एखादे तंजावरचे ताट हटकून दिसते. मध्यभागी रुप्याच्या पत्र्यावर उठावाची देवप्रतिमा, भोवती वेलबुट्टी. ही कला दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या आश्रयाने उदयास आली, अशी परंपरा आहे.

महाराजांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. गादीवर बसले ते अमरसिंग. पोरक्या मुलाचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने केला. १७९३ मध्ये तर जिवाच्या भयाने त्यांना मद्रासेस हलवावे लागले. १७९८ मध्ये कंपनीने दत्तकविधान मान्य केले. पदच्युत अमरसिंग कुंभकोणमजवळच तिरुविडैमरुदूर येथे राहू लागले. परंतु पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. बाविसाव्या वर्षी राजाच्या हाती उरला तो तंजावरचा किल्ला नि तनखा.

त्या तनख्याचे त्यांनी काय केले, हे पाहण्याजोगे आहे. सरस्वती महाल ग्रंथांनी भरला. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. देवनागरी छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांची टिपणे ठेवविली. काचेच्या मागील बाजूने उलट रंगवायची तंजावरी चित्रेही याच काळात बहरली.

ताटाची घडण अशी: कोरलेल्या ठशावर पातळ पत्रा ठेवून वरून शिशाने ठोकतात, उठावाच्या पोकळीत विटेची पूड, राळ व तिळाचे तेल यांचा लगदा भरतात, मग तो पत्रा मूळ ताटाच्या खाचांत बसवितात. साच्यात दाबून केलेल्या इंग्रजी काचेच्या बशीवर मोराचे मस्तक दिसले की सॉवर्बींचा कारखाना ओळखता येतो. आपल्या जुन्या ताटावर कारागिराचे नाव सहसा नसते. तेव्हा नखाने सांधा चाचपावा. रुप्याचा पत्रा वेगळा बसविलेला असेल तर तो लागतो. नुसता मुलामा असेल तर लागत नाही.

महाराज १८३२ मध्ये वारले. पुत्र दुसरे शिवाजी १८५५ मध्ये गेल्यावर कंपनीने गादीच संपविली. ठसे मात्र विश्वकर्मा कारागिरांच्या घरी राहिले, आणि आता या ताटाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.