एली मेचनिकॉफ

बाभळीचा काटा पायात मोडला म्हणजे तेथे सूज येते व पू धरतो, हे आमच्या नगर जिल्ह्यातील कोणा मुलास सांगावयास नको. परंतु त्या सुजेत शरीराचे सैनिक शत्रूशी झुंजत असतात, हे ज्यांनी जगास पटवून दिले, त्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहो.

मेचनिकॉफ यांचा जन्म इ. स. १८४५ मध्ये युक्रेनमधील खारकोव्ह शहराजवळ झाला. पुढे ओडेसा येथे ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८७३ साली त्यांची पत्नी क्षयाने वारली; त्यातच दृष्टीही अधू झालेली. जगण्याची उमेदच खचली. तथापि दुसऱ्या पत्नीच्या सोबतीने व कामाच्या ओढीने ते सावरले.

१८८२ साली ते इटलीतील मेसिना येथे राहत होते. घरची मंडळी सर्कशीस गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगातील फिरत्या पेशी पाहत असता त्यांच्या मनात आले, की ह्या पेशी बाहेरून शिरणाऱ्या शत्रूवर तर धावून जात नसतील? नाताळचे झाड सजविले होते त्याच बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिल्लांस टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला!

पेशी रोगजंतूंना गिळतात, हे मत अनेक विद्वानांस रुचले नाही. रक्षणशक्ती रक्तद्रवातच आहे, असे ते म्हणत. मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिले. १९०८ साली नोबेल पारितोषिक त्यांना व रक्तद्रवाचा पक्ष मांडणाऱ्या पॉल एर्लिक यांना मिळून देण्यात आले. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश होता. १९१६ साली मेचनिकॉफ निवर्तले. मुंबईत प्लेगाची लस तयार करून १८९७ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य होत.

आज औषध मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या कणांत भरून शरीरात सोडता येते. पेशी आपल्या पापुद्र्याने कणास कवटाळून आत घेते. कोरोनाच्या साथीतील काही लसी मेदाच्या अशाच कणांतून पेशींत पोचल्या. परंतु पहारेकरी पेशी औषधाच्या कणांसही परके समजून गिळून टाकतात. म्हणून काही कणांवर असा लेप चढवितात, की पहारेकऱ्यांनी त्यांस लवकर ओळखू नये. रक्षण करणारी भूकच कधी उपचाराच्या आड येते!

विद्यार्थिमित्रहो, हे सारे ज्ञान एका काट्यापाशी सुरू झाले. काटा आपणां सर्वांसच बोचतो. त्याच्याभोवती काय घडते, हे पाहण्यासाठी रात्र जागणारा मात्र विरळा.