स्टिअरिंग हलके करणारा अभियंता : फ्रान्सिस डेव्हिस

गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवू नये, गाडी किंचित हलू द्यावी आणि मगच चाक वळवावे, ही शिकवण जुन्या चालकांनी पिढ्यान् पिढ्या आपल्या शिष्यांना दिली. आजच्या मोटारीत मात्र उभ्या गाडीचे स्टिअरिंग एका बोटाने फिरते. त्यामुळे ही शिकवण कालबाह्य झाली, असे नव्या चालकांना वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. स्टिअरिंग हलके कसे झाले आणि त्यातला जड भार गेला कुठे, हे समजून घ्यायचे तर पॉवर स्टिअरिंगचे जनक मानले जाणारे अमेरिकन अभियंते फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

डेव्हिस यांचा जन्म १८८७ साली फिलाडेल्फिया येथे झाला. अमेरिकेत घोडागाडीचे युग मावळत होते आणि मोटारीचे उगवायचे होते, असा तो काळ. हार्वर्ड विद्यापीठातून १९१० साली अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून ते बफेलो शहरातील ‘पिअर्स-अ‍ॅरो’ या कंपनीत दाखल झाले. ही कंपनी श्रीमंतांसाठी दिमाखदार मोटारी बनवीत असे आणि त्याचबरोबर अवजड ट्रकही. डेव्हिस यांच्याकडे पुढे ट्रक विभागाच्या प्रमुख अभियंत्याची जबाबदारी आली. त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली ती या ट्रकांमुळे.

माल भरलेला ट्रक मोकळ्या रस्त्यावर धावत असेल, तर त्याची चाके वळवणे फारसे अवघड नसते. फिरणारे टायर रस्त्याचा नवनवा भाग स्पर्शत पुढे जातात आणि वळण जणू आपोआप घेतले जाते. ट्रक थांबला, की सारे चित्र पालटते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग तिथल्या तिथे मुरगळला जातो. रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षण पूर्ण जोराने विरोध करते आणि पुढच्या आसावरचे सगळे वजन त्या घर्षणात भर घालते. गोदामाच्या दारात ट्रक मागेपुढे घेताना चालक अक्षरशः उभा राहून, दोन्ही हातांनी आणि खांद्यांनी स्टिअरिंगशी झुंजत असे. खड्ड्यात चाक आदळले, तर तोच हिसका उलट मार्गाने स्टिअरिंगपर्यंत येई आणि चालकाच्या मनगटाला इजा होण्याचीही भीती असे.

या त्रासावर त्या काळी एकच सर्वमान्य उपाय होता. स्टिअरिंगच्या गियरचे प्रमाण वाढवायचे. त्यामुळे हाताला लागणारा जोर कमी होई, पण एक वळण घेण्यासाठी स्टिअरिंगला अनेक फेरे द्यावे लागत. संकटाच्या क्षणी गाडी चटकन वळत नसे. त्यातच १९२३ च्या सुमारास कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर बाजारात आले. प्रवास सुखद झाला, मात्र टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढला आणि उभ्या गाडीचे स्टिअरिंग आणखी जड झाले. जी अडचण ट्रकची होती, ती आता मोटारीच्या दारातही येऊन उभी राहिली.

स्टिअरिंगला यंत्रशक्तीची जोड द्यावी, ही कल्पना डेव्हिस यांच्या आधीही मांडली गेली होती. पिट्सबर्ग येथील रॉबर्ट ट्वायफोर्ड यांनी १९०० साली अशा एका यांत्रिक रचनेचे पेटंट मिळवले होते. पण रोजच्या वापरात टिकेल अशी रचना कोणालाच साधली नव्हती. डेव्हिस यांनी १९२२ साली चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम या गावी एक लहानशी कार्यशाळा भाड्याने घेतली. जॉर्ज जेसप हे कुशल कारागीर त्यांच्या मदतीला होते. साधने तुटपुंजी होती आणि यशाची खात्री देणारे कोणी नव्हते.

तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा त्यांनी निवडली. तेव्हाच्या हायड्रॉलिक यंत्रांमध्ये व्हॉल्व्ह बंद ठेवून तेलाचा दाब सतत साठवलेला असे आणि काम करायचे झाले, की व्हॉल्व्ह उघडला जाई. कारखान्यातील प्रेससाठी ही पद्धत ठीक होती. मोटारीत मात्र एवढा दाब अहोरात्र धरून ठेवणे म्हणजे गळतीला आमंत्रण होते. डेव्हिस यांनी ही रीतच उलटी केली. व्हॉल्व्ह एरवी उघडाच ठेवायचा. पंपातून निघालेले तेल कोणतेही काम न करता निवांत फिरत राहील. चालकाने स्टिअरिंग वळवले, की व्हॉल्व्हची एक वाट आवळली जाईल, त्या बाजूला दाब निर्माण होईल आणि तो चाकांना ढकलेल. स्टिअरिंगवरचा जोर थांबला, की दाबही ओसरेल. गळतीचा मोठा प्रश्न या साध्या वाटणाऱ्या बदलाने सुटला. चालकाचा जोर जेवढा, तेवढीच यंत्राची मदत, हे सूत्रही त्यातून साधले. त्यामुळे हातांना रस्त्याची जाणीव राहिली आणि खड्ड्यांचे हिसके तेलातच जिरू लागले.

आपली यंत्रणा पिअर्स-अ‍ॅरो मोटारीत बसवून डेव्हिस १९२६ साली डेट्रॉइटला गेले. मोटार उद्योगाच्या त्या राजधानीत त्यांनी तिची प्रात्यक्षिके दाखवली. ‘जनरल मोटर्स’ने त्यांच्याशी करार केला आणि पुढची काही वर्षे ही रचना अधिक सुबक करण्यात गेली. पण यश हातातोंडाशी आले असतानाच महामंदीने अमेरिकेला ग्रासले. मोटारींचा खप कोसळला. एवढी खर्चिक यंत्रणा परवडणार नाही, असा हिशेब कंपनीने मांडला आणि योजना गुंडाळली गेली. सुटे भाग बनवणाऱ्या ‘बेंडिक्स’ कंपनीशी डेव्हिस यांनी १९३६ साली नवा करार केला. तरीही मोटार कंपन्यांकडून मोठी मागणी आली नाही.

ती आली रणांगणावरून. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांचे वजन इतके वाढले, की मानवी बाहुबळाने त्या वळवणे दुष्कर झाले. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांच्या अवजड वाहनांमध्ये पॉवर स्टिअरिंग बसवले गेले. शांततेच्या काळात जी वस्तू चैन ठरली होती, ती युद्धात गरज बनली. यंत्रणा भरवशाची आहे, याचा निर्वाळाही त्या खडतर वापराने दिला.

युद्धानंतर मात्र नियतीने डेव्हिस यांची थट्टाच केली. अमेरिकेत पेटंटची मुदत तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षांची होती. त्यांची सुरुवातीची काही पेटंट या प्रतीक्षेतच संपून गेली. त्या मुक्त झालेल्या कल्पनांच्या आधारे ‘क्रायस्लर’ने १९५१ साली आपल्या ‘इम्पीरियल’ मोटारीत ‘हायड्रागाइड’ या नावाने पॉवर स्टिअरिंग विक्रीस आणले. सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळालेले हे पहिले पॉवर स्टिअरिंग. प्रतिस्पर्ध्याने बाजी मारलेली पाहून जनरल मोटर्सला जुन्या अभियंत्याची आठवण झाली. १९५२ च्या ‘कॅडिलॅक’मध्ये जी यंत्रणा आली, तिच्यामागे डेव्हिस यांनी जवळजवळ वीस वर्षांपूर्वी त्याच कंपनीसाठी केलेले काम होते. पहिल्या प्रात्यक्षिकापासून शोरूमपर्यंतच्या या प्रवासाला पाव शतक लागले.

मूळ प्रश्न मात्र उरतोच. डेव्हिस यांनी चालकाच्या हातावरचा भार हलका केला, पण टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण त्यांनी नाहीसे केले नव्हते. ते कोणालाही शक्य नाही. जो जोर पूर्वी खांदे लावत, तो आता पंप लावतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टायर पूर्वीसारखाच मुरगळतो. वाहनतळाच्या गुळगुळीत फरशीवर उमटलेले रबराचे काळे ओरखडे त्याची साक्ष देतात. टाय रॉड, बॉल जॉइंट, रॅक या भागांवर धावत्या गाडीच्या कित्येक पट ताण येतो. ब्रेक दाबलेला असेल, तर चाकाला थोडेसे गडगळण्याची मुभाही उरत नाही आणि ताण आणखी वाढतो. पूर्वी हात दुखू लागले, की चालक आपसूक थांबे. यंत्राने भार उचलल्यावर ही सूचना बंद झाली.

याचा अर्थ पार्किंगमध्ये एकदोनदा उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवले, तर गाडी बिघडते, असा नव्हे. सुस्थितीतील मोटार एवढा ताण सोसण्यासाठीच बनवलेली असते. रोजची सवय मात्र टायर आणि सांधे यांची झीज हळूहळू वाढवते. त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग एका टोकाला नेऊन तसेच दाबून धरणे. तेव्हा हायड्रॉलिक पंपाचा दाब कमाल मर्यादेला पोहोचतो, सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, पंप कण्हू लागतो आणि तेल तापते. चाक पदपथाच्या कडेला टेकलेले असताना जोर लावणेही तितकेच घातक. गाडी पावलाच्या गतीने जरी सरकत असली, तरी हा सारा ताण झपाट्याने उतरतो.

डेव्हिस यांच्यानंतर तंत्रज्ञान बदलले. जपानमध्ये १९८८ साली ‘सुझुकी सर्व्हो’ या छोट्या मोटारीत विजेच्या मोटारीवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले आणि हळूहळू तेल व पंप मागे पडले. पण उभ्या गाडीत ही छोटी मोटारही सर्वाधिक विद्युतप्रवाह खेचते. वारंवार तसे केल्यास ती तापते आणि स्वतःच्या रक्षणासाठी मदत कमी करते. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीत पॉवर स्टिअरिंग नव्हते. तिचे चालक गाडी किंचित सरकवतच चाक वळवीत. पाठ्यपुस्तक न वाचताही त्यांना कळलेले शास्त्र हेच होते.

फ्रान्सिस डेव्हिस यांचे १९७८ साली, वयाच्या नव्वदीत निधन झाले. तोपर्यंत त्यांचा शोध अमेरिकेतील मोटारींमध्ये सर्रास दिसू लागला होता. अवजड वाहन चालवणाऱ्या कष्टकऱ्यापासून ते अंगात फारसे बळ नसलेल्या वृद्धापर्यंत असंख्यांना त्यांनी स्टिअरिंगशी झुंजण्यातून सोडवले. चालकाचे श्रम त्यांनी वाचवले. यंत्राचे श्रम वाचवणे मात्र आजही चालकाच्याच हाती आहे.