महामानवाच्या डोळ्यांतलं पाणी

स्मरणिका म्हटली की परमपूज्य बाबासाहेबांचं चरित्र आलंच. जन्म, शिक्षण, महाड, काळाराम मंदिर, राज्यघटना, धम्मदीक्षा. आपल्या पोरांनासुद्धा ते तोंडपाठ आहे. यंदा आम्ही त्याच चरित्राकडे एका वेगळ्या बाजूने बघायचं ठरवलं आहे, बाबासाहेबांच्या मनाच्या बाजूने.

कारण असं की हल्ली जिकडेतिकडे मन आनंदी ठेवायचे धडे मिळतात. सकाळी डोळे उघडायच्या आत मोबाईलवर सुविचार हजर. पॉझिटिव्ह राहा, झालं गेलं विसरा, आहे त्यात समाधान माना, सुख हे मानण्यावर असतं. ज्याला हे जमत नाही तो मनाने कच्चा ठरतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा महिनोनमहिने घरात गप्प बसलेले साचेवाले आम्ही पाहिले. त्यांना वस्तीत दोनच औषधं सांगायचे. एक, मन घट्ट कर. दुसरं, बाहेरचं काही आहे का बघून घे. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही लिंबू निघतं, तो विषय सध्या राहू द्या.) या सुविचारांच्या मापाने बाबासाहेबांना मोजलं तर काय दिसतं?

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म झाला. सातारला असताना, १८९६ साली आई भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढं आत्या मीराबाईनं सांभाळलं. वडील सुभेदार रामजी १९१३ च्या फेब्रुवारीत गेले. त्यानंतर अमेरिका, लंडन, मोठमोठ्या पदव्या. हे सर्वांना माहीत आहे म्हणून आम्ही इथं थांबत नाही.

थांबायचं ते बडोद्याला. १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. राहायला कुणी जागा देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच, रात्री अंधार, सोबतीला पुस्तकं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळच्या आत जागा खाली करायची होती. एका हिंदू मित्राकडे गेले, एका ख्रिस्ती मित्राकडे गेले, दोघांनीही टाळलं. मग कमाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

त्या बागेत ते काय करत होते, ते त्यांनी स्वतःच पुढं इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. अर्धं मन रिकामं आणि अर्धं दुःखानं भरलेलं, आणि निराधार लेकरासारखी आईबापाची आठवण येत होती. हा सव्वीस वर्षांचा, परदेशातून शिकून आलेला माणूस, आणि आईबाप दोघेही हयात नव्हते. पुढची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अठरा वर्षांनी तो प्रसंग लिहिताना त्यांनी कबूल केलं आहे की त्या दिवसाची आठवण डोळ्यांत पाणी आल्याशिवाय येत नाही. अठरा वर्षं! मधल्या काळात महाड झालं होतं, पुणे करार झाला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या. तरी ते पाणी आटलं नव्हतं. झालं गेलं विसरा म्हणणाऱ्यांनी इथं काय उत्तर द्यायचं? आणि सुख मानण्यावर असतं म्हणे! दारातल्या काठ्या काही बाबासाहेबांच्या मनात उगवल्या नव्हत्या. चांगला विचार केल्यानं एक तरी काठी खाली गेली असती काय?

घरातलं दुःख तर याहून मोठं. माता रमाई आणि बाबासाहेबांची पाच मुलं, त्यातला एकटा यशवंत वाचला. रमेश, गंगाधर, इंदू गेले आणि १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. त्यात तत्त्वज्ञान नाही, धीरोदात्तपणा नाही. मुलांबरोबर जगण्यातली चवच गेली, अशा अर्थाचं ते पत्र आहे. आज कुणी असं लिहिलं तर आपण घाबरून विषय बदलू. त्यांनी लाज न धरता मित्राला लिहिलं.

त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, चवदार तळं. २७ मे १९३५ ला राजगृहात रमाई गेल्या. बाबासाहेब पार खचले, काही दिवस कुणाला भेटेनात, विरक्तासारखे राहिले असं चरित्रकार लिहितात. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. भाषणात आपले वक्ते यावर म्हणतात की बाबासाहेबांनी दुःख गिळलं आणि ते कामाला लागले. आम्हाला हे पटत नाही. गिळलं असतं तर अठरा वर्षांनी डोळे भरले नसते, आणि १९४० साली पाकिस्तानवरचा ग्रंथ रामूला अर्पण करताना हलाखीच्या, मित्र नसलेल्या दिवसांची आठवण त्यात आली नसती. दुःख सोबत होतं आणि कामही चालू होतं.

आणि आनंदही होता, हे सांगितलं नाही तर चरित्र अर्धवट राहील. पुस्तकांसाठी बांधलेलं राजगृह, उतारवयात शिकलेलं व्हायोलिन, चित्रकला. डोळे उघडे असलेला बुद्ध त्यांना आवडे.

शरीराने मात्र छळलं. मधुमेह, पाय दुखणं, रात्र रात्र झोप नाही. त्यांनी अंगारा लावला नाही, डॉक्टरांचं औषध घेतलं. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं, त्यामागं प्रकृतीचं कारणही होतं. आजारात मदत मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही. मनाच्या दुखण्यालाही हाच न्याय लावावा असं आम्ही म्हणतो. सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे, नंबर १४४१६, फुकट आहे. विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नसावी.

आता समाधानाचं. काही मंडळी म्हणतात, बुद्धानं तृष्णा सोडायला सांगितली, म्हणजे आहे त्यात गप्प बसा. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडून बघा. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणं नव्हे, आणि गरिबांना धन्य म्हणून बुद्धानं गौरवलेलं नाही, असं बाबासाहेबांनी त्यात स्पष्ट मांडलं आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही गोष्टही त्यांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला हे आधी कधी दिसलं नसेल काय? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये झालेला तंटा मांडला. पाण्याचा तंटा! चवदार तळ्याच्या माणसाला ते दिसणारच. जगणं म्हणजे सगळं दुःखच, असं म्हटलं की माणसाला आशा राहत नाही, ही शंकाही त्यांनी प्रस्तावनेत घेतली आहे. दुःख खरं आहे, पण त्याला कारण आहे आणि ते कारण काढता येतं, यावर त्यांचा भर आहे. नुसतं हसत बसा असं त्यात कुठंही सापडत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत, २६ अलिपूर रोडवरच्या घरी, बाबासाहेब फार थकलेले होते. तबकडीवर बुद्धवंदना लावली होती आणि तिच्याबरोबर ते गुणगुणत होते. मग कबीराचं एक पद गुणगुणले. झोपायला जाताना नानकचंद रत्तूंकडून या ग्रंथाच्या प्रस्तावनेची पानं मागून घेतली, तपासायची होती म्हणून. ती पानं उशाशी होती. ६ डिसेंबरला सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ साली छापून निघाला.