रक्तगटांचे जनक : कार्ल लँडस्टायनर



दरवर्षी १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. हा थोर शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस. त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ साली ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळ झाला. ते सहा वर्षांचे असतानाच पत्रकार असलेले वडील वारले. आईने त्यांना वाढविले. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे रसायनशास्त्रही शिकले.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले, तर रोगी कधी वाचे, कधी दगावे. कारण उमगत नव्हते. लँडस्टायनर यांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेतले आणि एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळल्या. काही मिश्रणांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, काहींत नाही. रक्तद्रवातील प्रतिपिंडे परक्या पेशी ओळखून त्यांना चिकटवतात. यातूनच १९०१ साली रक्तगट जगासमोर आले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात हलाखी आली. ते हॉलंडला व तेथून न्यूयॉर्कला गेले. पण प्रतिपिंडांना ओळख पटते कशी, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. प्रयोगशाळेत बनविलेली साधी रसायने प्रथिनांना जोडून त्यांनी प्राण्यांना टोचली, तर त्या रसायनांनाही ओळखणारी प्रतिपिंडे तयार झाली. ही ओळख रेणूच्या घडणीवर अवलंबून असते, हे त्यांनी दाखविले. १९४३ साली प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला व दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

प्रतिपिंडे नाजूक असतात. ती शीतकपाटात ठेवावी लागतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या बालाघाटसारख्या जिल्ह्यात, वीज गेली की ही अडचण मोठी होते. म्हणून पर्यायांचा शोध सुरू आहे. डाळींच्या बियांचा अर्कही रक्तपेशींच्या गुठळ्या करतो, याचा अभ्यास लँडस्टायनर यांनीच केला होता. १९५१ साली भारतात काम करणाऱ्या डॉ. बर्ड यांना आपल्या घरच्या कुळथात ‘ए’ गट ओळखणारे प्रथिन सापडले. १९९० मध्ये अमेरिकेत न्यूक्लिक आम्लाचे ‘ॲप्टामर’ नावाचे कृत्रिम धागे तयार झाले. ते प्राण्यांविना बनतात. डीएनएचे धागे तर वाळवून ठेवता येतात.

रक्तपेढ्यांत आजही मुख्यतः प्रतिपिंडेच वापरतात. उरलेले काम तुमच्यापैकी कोणी पुढे न्यावे, ही आमची इच्छा. तोवर पालकांनी आपला व पाल्याचा रक्तगट तपासून लिहून ठेवावा, ही विनंती.