मुलाचा विमान अपघातात जीव गेला, पण बापाने सेरेंगेटीचा नाद सोडला नाही

जुलै-ऑगस्ट उजाडला की तुमच्या फीडवर एक व्हिडीओ हमखास येतो. नदीत मगरी टपून बसलेल्या आणि काठावरून शेकडो विल्डबीस्ट धडाधड पाण्यात उड्या टाकतायत. टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा यांच्यामधला हा दरवर्षीचा प्रवास. तो बघायला जगभरातून लोक लाखो रुपये खर्चून सफारीला जातात.

पण हे प्राणी नेमके कुठून कुठे जातात, हे ७० वर्षांपूर्वी कोणी नीट मोजलंच नव्हतं. ते मोजायला एक बाप-लेक विमान घेऊन निघाले. त्या बापाचं नाव बर्नहार्ड झिमेक.

बर्नहार्ड यांचा जन्म १९०९ चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या नाइसे गावचा. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. शिक्षणाने ते जनावरांचे डॉक्टर. १९४५ मध्ये त्यांच्याकडे फ्रँकफर्टच्या प्राणीसंग्रहालयाची सूत्रं आली. पण संग्रहालय कसलं, बॉम्बहल्ल्यांनी त्याचा पार चुराडा झाला होता. बर्नहार्ड यांनी ते पुन्हा उभं केलं आणि पुढे १९७४ पर्यंत चालवलं.

१९५६ मध्ये ते जर्मन टीव्हीवर झळकले. कार्यक्रमाची त्यांची पद्धत एकदम साधी. टेबलामागे बसायचं आणि सोबत एखादा जिवंत प्राणी आणायचा. कधी चित्ता, कधी माकड. तो अंगाखांद्यावर खेळतोय आणि हे शांतपणे माहिती सांगतायत. अख्खं जर्मनी टीव्हीसमोर बसायचं. हा कार्यक्रम तब्बल ३० वर्षं चालला.

त्याच सुमारास त्यांनी आणि मुलगा मायकेलने आफ्रिकेवर एक चित्रपट काढला. तो चालला, पैसे आले. या पैशातून आफ्रिकेत प्राण्यांसाठी जमीन घ्यावी, असं बाप-लेकांच्या मनात होतं. पण टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या प्रमुखांनी त्यांना दुसरंच काम सुचवलं.

भानगड अशी होती की तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं आणि सेरेंगेटी उद्यानाच्या सीमा बदलायचं चाललं होतं. पूर्वेकडचा गोरोंगोरोचा भाग उद्यानातून वगळायचा आणि तिथे मसाई लोकांना गुरं चारू द्यायची, असा बेत होता. पण प्राणी वर्षभर कुठे कुठे फिरतात हेच माहीत नसेल, तर सीमा आखायची कशाच्या आधारावर?

मग दोघं विमान चालवायला शिकले. डॉर्नियर कंपनीचं एक छोटं विमान घेतलं आणि त्याला झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवले. जर्मनीहून ते थेट आफ्रिकेत उडवत नेलं. १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली. मैदानाचे पट्टे पाडायचे, खालून उडायचं आणि कळपातली डोकी मोजायची. काही प्राण्यांना पकडून त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे बांधले, म्हणजे कळप कुठे गेला ते वरून कळेल.

साडेतीन लाखांहून जास्त मोठे प्राणी मोजले गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कळप चांगल्या गवताच्या मागे फिरतात आणि आखलेल्या सीमांच्या बरेच बाहेर जातात, हे नकाशावर दिसलं.

काम संपत आलं होतं. १० जानेवारी १९५९ ला मायकेल एकटाच विमान घेऊन निघाला. हवेत एक गिधाड पंखावर आदळलं आणि विमान कोसळलं. मायकेल जागीच गेला. वय फक्त २४. गोरोंगोरोच्या कड्यावर त्याला पुरण्यात आलं.

बर्नहार्ड यांनी दोघांचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण केलं. 'सेरेंगेटी मरता कामा नये' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आणि चित्रपट १९५९ मध्येच आले. १९६० मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळाला.

मग सीमांचं काय झालं? गोरोंगोरो १९५९ मध्ये वेगळं झालंच. उद्यान उत्तरेला केनियाच्या हद्दीपर्यंत वाढवलं गेलं. पण सेरेंगेटीत पिढ्यानपिढ्या गुरं चारणाऱ्या मसाई लोकांना मात्र तिथून उठावं लागलं. राष्ट्रीय उद्यानात माणसांची वस्ती नको, अगदी स्थानिकांचीही नको, हे बर्नहार्ड यांचं ठाम मत होतं. यावरून त्यांच्यावर आजही टीका होते, आणि ती रास्त आहे. मसाईंच्या जमिनीचा प्रश्न तिथे अजून धुमसतोय.

१९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला. नव्या गरीब देशाने सिंह-हत्ती सांभाळायचे तर पैसा कुठून आणायचा? बर्नहार्ड यांचं उत्तर होतं, पर्यटक. तेव्हा सफारी म्हणजे श्रीमंतांची चैन आणि बऱ्याचदा शिकार. त्यांनी टीव्हीवर बिनधास्त सांगून टाकलं की आता पूर्व आफ्रिकेच्या स्वस्त सहली निघतायत. खरं तर तशी सहल कोणी काढलेलीच नव्हती! लोकांनी ट्रॅव्हल एजंटांकडे विचारणा सुरू केली आणि मागणी बघून कंपन्यांनी खरोखरच सहली काढल्या. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जाणाऱ्या सामान्य माणसाच्या सफारीला असा हातभार लागला.

१३ मार्च १९८७ ला बर्नहार्ड मुलांना घेऊन सर्कशीत वाघांचा खेळ बघत होते. तिथेच त्यांनी प्राण सोडला. त्यांची रक्षा गोरोंगोरोला नेऊन मायकेलशेजारी पुरली.

आज सेरेंगेटीत विल्डबीस्टच १० लाखांच्या वर आहेत. याचं एक मोठं कारण म्हणजे आसपासच्या गुरांना बुळकांडी रोगाची लस दिली गेली आणि जंगलातली साथही थांबली. म्हणजे मसाईंची गुरं आणि जंगलातले कळप यांचं नशीब शेवटी एकमेकांत गुंतलेलंच निघालं. सीमा कुठेही आखली तरी.