व्हिसिया फाबावाला टेलर आठवतोय का?

बारावीचं बायोलॉजी ज्यांनी घोकलंय, त्यांना व्हिसिया फाबा आणि टेलर ही जोडी आठवत असेल. एनसीईआरटीच्या पुस्तकात या माणसाला जेमतेम एक वाक्य मिळालंय. बाकी भाव खाऊन जातात मेसेल्सन आणि स्टाल. पण तारखा बघा राव! त्यांचा शोधनिबंध १९५८ चा, तर टेलरचा जानेवारी १९५७ चा.

जेम्स हर्बर्ट टेलर यांचा जन्म १९१६ साली टेक्सासमध्ये झाला. १९४४ मध्ये त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठातून पीएचडी मिळवली आणि पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले.

डीएनएचे दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येक धागा नवा जोडीदार बनवतो, असं वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये सुचवलं होतं. पण हे दाखवायचं कसं? नव्या धाग्यावर खूण हवी. त्यासाठी थायमिडीन उत्तम, कारण त्यातला थायमिन हा पिरिमिडीन डीएनएमध्येच वापरला जातो. अडचण खुणेची होती. किरणोत्सारी कार्बनचे कण लांब जातात आणि फिल्मवर शेजारच्या गुणसूत्राभोवतीही डाग पाडतात. ट्रिटियमचे कण मात्र साधारण एका मायक्रॉनमध्येच थांबतात.

मात्र एका गुणसूत्रात मावेल एवढ्याशा थायमिडीनचा डाग दिसायचा, तर त्यात ट्रिटियम ठासून भरलेलं हवं. ते काम ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या वॉल्टर ह्यूज यांनी केलं. ॲसिटिक ॲसिडमधलं ट्रिटियम त्यांनी उत्प्रेरकाच्या मदतीने थेट पिरिमिडीनच्या कड्यात बसवलं. खरं तर अर्धा प्रयोग इथेच जिंकला होता.

मग टेलर, ह्यूज आणि फिलिप वुड्स यांनी बाकल्याची कोवळी मुळं त्या द्रावणात ठेवली, नंतर धुऊन साध्या द्रावणात हलवली. सोबत कोल्चिसिन होतं. त्यामुळे गुणसूत्रं दुप्पट होत, पण पेशी दुभंगत नसे. १२ ऐवजी २४ गुणसूत्रं दिसली की एक फेरी जास्त झाली, इतका सोपा हिशोब! पहिल्या फेरीत गुणसूत्राच्या दोन्ही भागांवर डाग होते. पुढच्या फेरीत एकावर डाग आणि दुसरा कोरा. जुना धागा जपला जातो तो असा.

अर्थात, टेलरनी पाहिलं ते अख्खं गुणसूत्र. सुट्या डीएनए रेणूचा पुरावा मेसेल्सन आणि स्टाल यांनीच दिला, म्हणून त्यांचं श्रेय खोटं नाही. टेलर १९६४ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गेले. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ट्रिटियमवालं थायमिडीन जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलं होतं.