पुराव्याने दार उघडणाऱ्या विदुषी : डॉ. कमला सोहोनी

विद्यार्थी मित्रांनो, जीवशास्त्राचे पुस्तक उघडले की पहिल्याच पानांवर दोन गोष्टी तुमची वाट अडवून उभ्या असतात. एक, वैज्ञानिक पद्धती. आणि दुसरी, सजीवांच्या शरीरातील रसायने. परीक्षा जवळ आली की तुम्ही निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष हा क्रम घोकू लागता. कर्बोदके, प्रथिने, मेद, विकरे यांच्या व्याख्या पाठ करता आणि उत्तरपत्रिका परीक्षकाच्या हाती देऊन त्या विसरूनही जाता. आज मी तुम्हांला आणि तुमच्या आईवडिलांना अशा एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र सांगणार आहे की, ज्यांच्या आयुष्यात हे दोन्ही धडे प्रत्यक्ष उतरले होते. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे, भागवत घराण्यात झाला. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होते. घरातच विद्येचे वातावरण असल्याने मुलीनेही त्याच वाटेने जावे यात कोणाला नवल वाटले नाही. १९३३ साली मुख्य विषय रसायनशास्त्र आणि दुय्यम विषय पदार्थविज्ञान घेऊन त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. साहजिकच त्यांनी वडिलांच्या त्याच बंगळूरच्या संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला.

त्या वेळी त्या संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून भारताचे नाव जगभर नेणारा हा थोर शास्त्रज्ञ. परंतु त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. कारण एवढेच की अर्जदार स्त्री होती, आणि संशोधनाचे काम स्त्रियांना झेपणार नाही असे त्यांचे मत होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा आणि परीक्षेच्या त्या पहिल्या धड्याकडे वळून पाहा. मत आणि निष्कर्ष यांत फरक असतो. जे अजून तपासलेले नाही ते केवळ गृहीतक. प्रयोगाच्या कसोटीला उतरल्यावरच त्याचा निष्कर्ष होतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यास जन्मलेल्या आणि कैरोत राहून प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या इब्न अल-हैसम या मुस्लिम विद्वानाने हीच शिस्त घालून दिली होती. पूर्वीच्या मोठ्या माणसाने लिहिले म्हणून ते खरे, असे न मानता त्याची परीक्षा घ्यावी, असा त्याचा आग्रह होता. रामन यांच्यासारख्या प्रयोगवीराने मात्र या एका बाबतीत प्रयोग न करताच निष्कर्ष काढला होता. स्त्रीला संशोधन जमत नाही हे त्यांनी कोणत्या स्त्रीला संधी देऊन पाहिले होते?

कमलाबाई रडत घरी परतल्या नाहीत. त्या गांधीयुगातील कन्या होत्या. त्यांनी संचालकांच्या दाराशी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच पुढचा विचार होणार होता. आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, ही तिसरी अट. शेवटची अट किती अपमानास्पद होती हे वेगळे सांगायला नको. त्याची सल कमलाबाईंच्या मनात वृद्धापकाळापर्यंत राहिली. तरीही त्यांनी अटी स्वीकारल्या, कारण त्या वर्षाचा उपयोग त्यांना पुराव्यासाठी करायचा होता.

एम. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा रामन यांची खात्री पटली होती. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. थोर माणसाचे मोठेपण यातही असते की, पुरावा समोर आल्यावर तो आपले मत बदलतो. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

त्यानंतर त्या इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्यासाठी १९२९ साली नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथे होती. तेथे त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील श्वसनाचा अभ्यास केला. तुम्ही पुस्तकात वाचता की अन्नातील ऊर्जा पेशीला एकदम मिळत नाही, ती पायरीपायरीने मोकळी होते. या पायऱ्यांवर इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवणारे लोहयुक्त प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना ते आढळले आणि वनस्पतींच्या पेशींतही ते असते हे त्यांनी दाखवून दिले. विचार करा, जमिनीखाली वाढणारा बटाटा आणि तो खाणारा माणूस, दोघांच्याही पेशींत श्वसनाची ही पायरी सारखीच! या विषयावरचा त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांना मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. उत्तरपत्रिकेला पुरवण्या जोडण्यातच मोठेपण मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या चाळीस पानांची आठवण ठेवावी.

परदेशात राहण्याची संधी असूनही त्या १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधनशाळा येथे काम करून, १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. येथून पुढे त्यांचे संशोधन आपल्या आपट्याच्या शेतापर्यंत येऊन पोहोचते.

आपल्याकडे भातकापणी झाली की जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याच्या शेंगांची पोपटी होते आणि वर्षभर घरोघरी बिरडे शिजते. या वालात प्रथिने भरपूर. पण कच्चा वाल पचत नाही, हे आपल्या आयांना व आज्यांना ठाऊकच आहे. म्हणून त्या तो भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि नीट शिजवतात. पण कच्चा वाल का पचत नाही? त्याचे उत्तर जीवरसायनशास्त्रात आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती तोडल्याशिवाय शरीराला उपयोगी पडत नाही. ती तोडण्याचे काम करणाऱ्या विकरांपैकी एक म्हणजे स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारे ट्रिप्सिन. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिनला जखडून ठेवणारा एक पदार्थ असतो. जणू कात्रीच्या पात्यांत अडकलेला खडाच. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी अशा पदार्थांचा कसून शोध घेतला. वाल आणि डबल बी यांतून हा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केल्याचा त्यांचा निबंध १९५५ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला.

विद्यार्थी मित्रांनो, अशा शोधातला प्रयोग कसा रचतात ते समजून घ्या, म्हणजे नियंत्रित प्रयोगाचा प्रश्न कधी चुकणार नाही. तीन परीक्षानळ्या घ्याव्यात. तिन्हींत दुधातील प्रथिन आणि ट्रिप्सिन सारख्याच प्रमाणात, तापमान सारखे, वेळही सारखी. पहिलीत फक्त पाणी मिसळावे, दुसरीत कच्च्या वालाचा अर्क, तिसरीत तोच अर्क चांगला उकळून. पहिलीत प्रथिन तुटते, दुसरीत फारच कमी तुटते आणि तिसरीत पुन्हा बरेचसे तुटू लागते. यावरून अडथळा वालाच्या अर्काचा आहे आणि उष्णतेने त्याचा जोर कमी होतो, असे म्हणता येते. पहिली नळी नसती तर तुलना कशाशी केली असती? ती नळी म्हणजेच नियंत्रण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व सारखे ठेवायचे, ही या पद्धतीची किल्ली आहे. आपल्या आज्यांनी अनुभवाने जे जाणले होते त्याचे कारण प्रयोगशाळेने सांगितले, एवढाच दोहोंत फरक.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचाही अभ्यास केला. येथे आपल्या समाजातील वाचकांच्या मनात शंका येईल, म्हणून स्पष्ट करतो. नीरा म्हणजे माड, ताड वा शिंदीच्या झाडाचा ताजा गोड रस. सूर्योदयापूर्वी स्वच्छ, आतून चुना लावलेल्या मडक्यात उतरवलेल्या नीरेत नशा नसते. ती तशीच ठेवली तर सूक्ष्म किण्वपेशी तिच्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात आणि तिची ताडी होते. या रासायनिक क्रियेला किण्वन म्हणतात. कमलाबाईंनी ताज्या नीरेत व तिच्या गुळात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे दाखवले आणि आदिवासी भागातील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांना नीरा देऊन त्यांची प्रकृती सुधारते हे सिद्ध केले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपदही त्यांना भूषवता आले. पण पात्रता असूनही ते काही वर्षे लांबले. पदव्या मिळाल्या तरी पूर्वग्रह संपत नाहीत, हेही या चरित्रातून शिकावे. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी ग्राहकांच्या हितासाठी जी संस्था स्थापन केली, तिच्या कार्यात कमलाबाई सक्रिय होत्या. संशोधनातून निवृत्त झाल्यावरही सामान्य गृहिणीची फसवणूक होऊ नये म्हणून त्या लिहीत राहिल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आता दोन शब्द पालकांसाठी. आपल्या गावाशेजारी पाताळगंगेच्या काठी रसायनी उभी राहिली. तिच्या नावातच रसायन आहे. तरीही आपल्यातील किती मुली दहावीनंतर विज्ञान शाखेकडे वळतात? पनवेलपर्यंतचा रोजचा प्रवास, घरातील कामे, लग्नाची काळजी, या अडचणी खऱ्या आहेत. मी त्या हलक्या लेखत नाही. पण अडचण वेगळी आणि मुलीला हे जमणार नाही असे ठरवून टाकणे वेगळे. अडचणीवर उपाय शोधता येतो. चार मुली एकत्र पाठवता येतात, शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, शिक्षकांशी बोलता येते. न तपासलेल्या मतावर मात्र उपाय नसतो. ज्या दीनची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली, त्या दीनच्या अनुयायांनी तरी मुलीच्या हातातले पुस्तक घाईने काढून घेऊ नये. नोबेल मिळवलेल्या माणसाचे मत या बाबतीत चुकले, तर तुमचे-माझे चुकणार नाही कशावरून? तिला एक वर्ष द्या, अभ्यासाला वेळ द्या, आणि मग निकाल पाहून ठरवा. हीच वैज्ञानिक पद्धती होय.

आणि मुलींनो, कमलाबाईंना ते एक वर्ष अटींवर मिळाले होते आणि त्यांनी त्याचे सोने केले. तुमच्या वाट्याला वर्ष येईल तेव्हा तयारीत राहा. आज रात्री जेवताना ताटात बिरडे आले, तर त्यातील प्रथिनाचे पोटात काय होते, हे धाकट्या भावंडाला पुस्तक न उघडता सांगून पाहा. ते सांगता आले, तर परीक्षेची निम्मी तयारी झालीच म्हणून समजा.